सीना म्हणजे पांढरे केस

रात्रपाळीत दोन वाजता आमचा चहा होतो. ऑकलंडच्या दक्षिण भागातल्या एका वृद्धाश्रमात मी काम करते आणि त्या वेळी मजल्यावर जाग्या असतो त्या आम्ही दोघीच. माझ्याबरोबरची बाई प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांची, वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. गेल्या वर्षी एका रात्री तिने कप खाली ठेवला, फोन पुढे केला आणि नातीचा फोटो दाखवला. आदल्या दिवशी जन्मलेली, मुठी आवळून झोपलेली पोर. नाव काय ठेवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "सीना."

सीना ही माझ्या माहेरची नदी. अहिल्यानगरकडून येते, सोलापूर जिल्ह्यातून वाहत जाते आणि हत्तरसंग-कुडलजवळ भीमेला मिळते. त्या संगमावरच्या देवळात शके 940 चा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. आमचं गाव तिथून बरंच वर, पण पाणी तेच. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात झिरे खणून आई वाटीवाटीने घागर भरायची ते मला अजून दिसतं. इतक्या वर्षांत या देशात कोणाच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते असं, अपरात्री, एका तान्ह्या पोरीचं म्हणून.

"हे आमच्या नदीचं नाव आहे," मी म्हटलं. तिला फार आनंद झाला. "आणि तुमच्यात याचा अर्थ काय?" मी विचारलं. ती उठली, माझ्या कानामागची पांढरी बट चिमटीत धरली आणि म्हणाली, "हे. हे सीना."

पिकल्या केसांचं नाव तान्ह्या पोरीला! आपल्याकडे बारशाला आत्याबाईने असं काही कुजबुजायचं ठरवलं तर सगळ्या बायका तिच्या अंगावर धावून येतील. पण सामोअन भाषेत सीना म्हणजे खरंच पांढरे, रुपेरी केस. त्याच भाषेत चंद्राला म्हणतात मासिना. थोरल्या भाषाकुळात मागे जाऊन बघितलं तर मलयमध्ये सिनार म्हणजे किरण, फिलिपिन्समधल्या टागालोगमध्ये सिनाग म्हणजे किरण. या शब्दांच्या घोळक्यात बसवलं की ते नाव उजळायला लागतं. म्हातारीच्या डोक्यावर आणि पौर्णिमेच्या पाण्यावर जो पांढरा उजेड असतो, त्या उजेडाचं हे नाव आहे. आमच्या आश्रमात रात्री खोल्यांतून फिरताना उशांवर जे दिसतं, ते सगळं सीना.

घरी येऊन मुलांच्या नावांच्या याद्यांमध्ये शोधलं. तिथे हे नाव हिना म्हणून आहे आणि पुढे एवढंच लिहिलंय: पॉलिनेशियन, चंद्राची देवी. ते वाचून मला वाईट वाटलं. एखाद्या बाईबद्दल विचारावं आणि कोणी नुसता तिच्या घराचा पत्ता सांगावा, तसं ते आहे. ती चंद्रावर राहते हे खरं. पण ती तिथे का गेली, जाताना काय घेऊन गेली, त्याआधी काय काय सोसलं, त्याचा तिथे पत्ताच नाही.

आधी त्या नावाच्या उच्चाराचं सांगते, कारण माझी एक रात्र त्यातच गेली.

सामोआत जी सीना, ती टोंगा, ताहिती आणि हवाईत हिना. दक्षिणेला मंगाया बेटावर तो ‘ह’सुद्धा गळतो आणि उरते नुसती इना. हवाईच्या भाषेत ‘स’ नाहीच. आपल्या कानाला हे अनोळखी वाटायचं कारण नाही. गावात हरिनामाचा सप्ताह बसतो आणि त्याच आठवड्यात सोसायटीचा हप्ता भरायचा असतो. दोन्हींत सात दडलेले आहेत. एक शब्द संस्कृतातून आला, दुसरा फारसीतून, आणि फारसीने जुन्या ‘स’चा ‘ह’ केला. सामोआ आणि हवाईमध्ये नेमकं तेच झालंय. सामोअन मासिना हवाईत होतो माहिना. दोन्हीकडे त्याचा अर्थ चंद्र, आणि दोन्हीकडे तोच शब्द तीस दिवसांसाठीही.

माहिना. महिना.

मी पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. आपल्याकडे संस्कृतातला मास आणि फारसी ‘माह’वरून आलेला महिना, दोन्हींच्या मुळाशी चंद्र. त्यांच्याकडे मासिना आणि माहिना. जणू दोन समुद्रांवर कोणी एकच गाणं म्हणत होतं. पण हा निव्वळ योगायोग आहे. आपलं भाषाकुळ वेगळं, त्यांचं वेगळं. त्यांचं कुळ तैवानपासून मादागास्करपर्यंत आणि पार रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटापर्यंत पसरलेलं आहे, आणि तिथल्या ‘स’चा ‘ह’ व्हायला फारसीची मदत लागलेली नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण असा एखादा शब्द सापडला की ‘हे लोक मूळचे आपलेच’ असं म्हणायची आपल्याला फार घाई होते. दुसऱ्याच्या पणज्यांनी होडीतून नेलेलं नाव आपल्या खात्यावर मांडणं बरं नाही. योगायोगाचा आनंद घ्यावा आणि ज्याचं त्याला ठेवावं. आपल्याकडे मुलींना हिना म्हणतात तेही याहून निराळं. ते अरबीतून आलेलं, मेंदीचं आणि अत्तराचं.

त्या पणज्यांचा प्रवास मात्र नुसता ऐकूनही जीव दडपतो. सुमारे 2800 वर्षांपूर्वी माणसं टोंगा-सामोआच्या बेटांवर पोचली. पुढे अनेक शतकांनी तिथून पूर्वेला ताहितीकडे, वर हवाईला, आणि शेवटी खाली आओतेआरोआला, म्हणजे मी राहते त्या न्यूझीलंडला. हा शेवटचा टप्पा आपल्याकडच्या ज्ञानदेवांच्या काळाच्या आसपासचा. हवाई ते न्यूझीलंड हे अंतर सुमारे 7000 किलोमीटर आहे. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं, लिपी नव्हती, होकायंत्र नव्हतं. होडीत माणसं, रोपं, कोंबड्या, कुत्री आणि तोंडपाठ गोष्टी. त्या गोष्टींत ही बाई होती. कुठे ती माउई या वीराची आई, कुठे बहीण, कुठे बायको. नातं बदललं, नाव टिकलं.

आता ती चंद्रावर कशी गेली ते. माझ्या मैत्रिणीने सांगितलेली गोष्ट सामोआची. दुष्काळ पडला होता. सीना संध्याकाळी बाहेर बसून काम करत होती, शेजारी तिचं लेकरू. तेवढ्यात चंद्र उगवला, मोठा, गोल, पिवळसर, अगदी ब्रेडफ्रूटसारखा. ब्रेडफ्रूट म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस. त्या बेटांवर तेच रोजचं अन्न. सीना त्याच्याकडे बघून म्हणाली, "खाली का येत नाहीस? माझ्या पोराला तुझा एक घास तरी घेऊ दे." चंद्राला राग आला, मला खायला निघाली म्हणून. तो खाली आला आणि तिला लेकरासकट उचलून घेऊन गेला. तिचा फळा आणि हातातलं ठोकणंही गेलं. तेव्हापासून ते सगळं चंद्रावर दिसतं.

भुकेल्या पोटाला आभाळात भाकरी दिसते हे दुष्काळी मुलखातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या गावाने 1972 चा दुष्काळ काढला आहे. मी ती गोष्ट ऐकली तेव्हा मला चंद्राचा राग आला, देवी वगैरे काही सुचलं नाही. आपल्याकडे गणपतीला हसला म्हणून चंद्राला शाप मिळाला. इथे एका आईने घास मागितला म्हणून चंद्रच शिक्षा देतो. पण मैत्रीण त्याच्याकडे तसं बघत नव्हती. "तिथे तिला काम आहे, पोर जवळ आहे," ती म्हणाली, "दुष्काळ नाही."

ते फळा आणि ठोकणं म्हणजे काय, हे तिने मला दाखवलं. सामोआत सालीपासून कापड करतात, त्याला सियापो म्हणतात. उआ नावाच्या झाडाची फांदी तोडायची, साल एका ओढीत सोलायची, आतला पांढरा पापुद्रा वेगळा काढायचा. तो पाण्यात भिजवून शिंपल्यांनी खरवडायचा आणि मग तुतुआ नावाच्या लाकडी ओंडक्यावर ठेवून इए या चौकोनी सोट्याने बडवत राहायचं. हातभर रुंदीची पट्टी नसते, चार बोटांची असते, आणि बडवता बडवता ती पसरत जाते. मैत्रिणीच्या आजीचा इए तिच्या घरी आहे. तिने तो माझ्या हातात दिला. मूठ धरायची जागा झिजून खोलगट झाली होती, आमच्या घरच्या जात्याच्या खुंट्यासारखी. तो हातात घेतल्यावर मला पुढच्या गोष्टी सांगायची गरजच उरली नाही.

कारण हिना जिथे जाते तिथे ती हेच करत असते. हवाईत या कापडाला कापा म्हणतात, आणि हिनाची तक्रार होती की दिवस इतका झरकन सरतो की कापा वाळतच नाही. म्हणून तिचा लेक माउई हालेआकालाच्या डोंगरावर चढला, 3000 मीटरहून उंच, आणि उगवत्या सूर्याच्या पायांना फास टाकले. वर्षातला काही काळ हळू चालेन, असं कबूल केल्यावरच त्याने सूर्याला सोडलं. जगातल्या मोठ्या मोठ्या पुराणांत सूर्याला वीरांनी अडवलंय ते लढाईसाठी, शापासाठी. इथे एका आईचं वाळवण ओलं राहतंय म्हणून सूर्य पकडला गेला. गच्चीवर कुरडया घालून आभाळाकडे बघत बसलेल्या कुठल्याही बाईला हे पटेल.

आणि एवढं करूनही ती थकतेच. हवाईतली दुसरी गोष्ट सांगते की दिवसभर कापा बडवून, पाणी भरून, घरच्यांचं करून हिना कंटाळून गेली. आधी ती इंद्रधनुष्यावरून सूर्याकडे निघाली, पण भाजायला लागली, परत आली. मग पौर्णिमेच्या रात्री चंद्राकडे निघाली. नवऱ्याने धावत येऊन तिचा पाय धरला, ओढला, पाय तुटला. ती तशीच लंगडत वर गेली. म्हणून तिचं एक नाव लोनोमुकू. मुकू म्हणजे तुटलेलं, तोडलेलं. हवाईच्या पंचांगात चांद्रमासाच्या अखेरच्या रात्रीचं, चंद्र संपतो त्या रात्रीचं नावही मुकूच आहे.

ताहितीत ती भावाबरोबर समुद्र धुंडाळणारी. भाऊ रू आणि बहीण हिना, दोघांनी होडीतून बेटं शोधली. मग एका रात्री तिने चंद्रात पाऊल टाकलं, आणि तिथे तिला वड मिळाला. चंद्रावरची काळी सावली म्हणजे तो वड. त्याची साल काढून ती देवांसाठी कापड बडवते. एकदा तिच्या पायाखालून एक फांदी मोडून खाली पृथ्वीवर पडली, आणि तिच्यातून इथले वड झाले. ज्येष्ठ पौर्णिमेला सूत गुंडाळताना आई वडाकडे बघायची, चंद्राकडे नाही. या वर्षी मात्र मी दोन्हीकडे बघितलं. इथे वड नाही, पण फोनवर वहिनीने दाखवला.

आपल्या बायकांनी जात्यावर ओव्या म्हटल्या. जनाबाईजवळ विठ्ठल दळायला बसला असं आपण म्हणतो, तेव्हा देव किती लहान झाला यापेक्षा दळण किती जड होतं ते मला आठवतं. हिना तसल्याच घरातली वाटते मला. फरक एवढाच की तिच्या मदतीला कोणी आलं नाही, ती स्वतः उठून गेली.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र नारळाची.

सामोआतल्या सवाई बेटावर साफुने गावाजवळ एक गोड्या पाण्याचं कुंड आहे. सीना तिथे आंघोळीला जायची. त्या पाण्यात एक वाम होती. त्यांच्या भाषेत वामीला तुना म्हणतात, डब्यातल्या ट्यूना माशाशी तिचा संबंध नाही. ही वाम खरं तर फिजीचा राजा होता, सीनेच्या रूपाची कीर्ती ऐकून आलेला. सीना घाबरून पळाली, गावोगाव पळाली, तुना मागे मागे. शेवटी गावकऱ्यांनी त्याला धरलं, तेव्हा मरताना तो म्हणाला, माझं डोकं पुर. त्यातून झाड येईल. त्याची पानं तुझ्या घरावर शाकारायला होतील, फळ तहानेला होईल, आणि ते फळ तोंडाला लावशील तेव्हा तू मला मुका देत असशील.

मैत्रिणीने कामावर नारळ आणला होता, ती गोष्ट सांगायच्या दिवशी. तिने किशी ओढून काढली आणि नारळ माझ्याकडे फिरवला. दोन डोळे, खाली एक तोंड. आपणही नारळाला डोळे म्हणतो, शेंडी म्हणतो, म्हणजे डोकंच मानतो. पण आपल्याला ते तीन डोळे दिसतात, त्र्यंबक दिसतो. तिला दोन डोळे आणि एक तोंड दिसतं. आणि त्या तिघांत एकच मऊ असतो. कोंब बाहेर येतो तो त्यातून, आणि काडी टोचून पाणी प्यायचं तेही त्यातूनच. म्हणजे तोंड बरोबर ओळखलंय त्यांनी. मी इतकी वर्षं नारळ फोडते आहे, कलशावर ठेवते आहे, पण त्याच्याकडे असं तोंडासमोर धरून कधी बघितलं नव्हतं. त्या रात्री नारळ फोडायला माझा हात धजेना. तिनेच फोडला, एका दणक्यात, आणि पाणी मला दिलं.

मंगायात नारळाच्या पांढऱ्या खोबऱ्याला तुनाचा मेंदू म्हणत. ताहितीत सांगतात की हिनेला ते डोकं कापडात गुंडाळून दिलं होतं, घरी जाईपर्यंत जमिनीवर ठेवू नकोस अशी ताकीद होती. ती वाटेत आंघोळीला थांबली, डोकं खाली ठेवलं, आणि ते तिथेच रुजलं. आपल्या गोष्टीत असं झालं की तिथे देवाची पिंडी रुतून बसते, गोकर्णासारखी. त्यांच्यात माड उभा राहतो. कोणाला कशाची गरज असते तसं तिथे रुजत असावं.

आणि त्यांचा माड खरोखर त्यांचाच आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या नारळाच्या जनुकीय अभ्यासात असं दिसलं की माणसाने नारळ दोन ठिकाणी, वेगवेगळा लावायला घेतला. एक प्रशांत महासागराच्या बाजूला, दुसरा आपल्या बाजूला, दक्षिण भारत, श्रीलंका, मालदीव, लक्षद्वीपच्या पट्ट्यात. श्रावणातल्या पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला देतात तो नारळ आणि सीनेने पुरलेला नारळ, असे दोन निराळे वंश. पौर्णिमा, समुद्र आणि नारळ ही तीन दोन्हीकडे एकत्र आली, कारण किनाऱ्यावरच्या माणसाच्या आयुष्यात ती एकत्रच असतात.

हवाईत तुनाचा कुना होतो, कारण तिथे ‘त’चा ‘क’ होतो. हिलो गावात वाइलुकू नदीवर एक मोठा धबधबा आहे, त्याच्या पडद्यामागच्या गुहेत हिना राहायची. कुनाने नदी तुंबवून तिला बुडवायचा घाट घातला आणि माउईने त्याला मारलं. आणि माओरी जेव्हा थंड न्यूझीलंडमध्ये उतरले तेव्हा इथे माड जगेना. मग काय झालं? इथल्या गोष्टीत माउई तुनाला मारतो, तुकडे करतो, त्यातून समुद्रातल्या आणि नदीतल्या वामी होतात. नारळ गोष्टीतून गळून पडला. कापडाचं झाडही इथे नीट वाढलं नाही, म्हणून माओरी बायका हाराकेके या पातीच्या धाग्यांनी विणायला लागल्या. विणकामाची आणि बाळंतपणाची देवी हिने-ते-इवाइवा. हातातला सोटा गेला, धागा आला. ज्या मुलखात जे उगवतं तेच देवीच्या हातात येतं, हे मला फार खरं वाटतं.

माओरी भाषेत नाव हिने झालंय, पण भाषेचे जाणकार सांगतात की हिने म्हणजे मुलगी, आणि पांढऱ्या उजेडाची हिना हा शब्द निराळा. जवळ राहून राहून दोघी एकमेकींत मिसळल्या. हिने हे आपल्या ‘बाई’सारखं आहे. आपण मागे लावतो, जनाबाई, मुक्ताबाई. ते पुढे लावतात. हिने-मोआना, सागरबाई. हिने-पुकोहु-रांगी, धुक्याची बाई. हिने-राउमाती आणि हिने-ताकुरुआ, उन्हाळा आणि हिवाळा, सूर्याच्या दोन बायका. तो अर्धं वर्ष एकीकडे आणि अर्धं दुसरीकडे काढतो. म्हाळसा-बाणाईच्या गाण्यांवर वाढलेल्या मला त्या संसारातली ओढाताण लगेच कळली.

या सगळ्या हिनेंमध्ये एक आहे तिच्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. ताने या देवाने कुरावाका इथल्या मातीतून पहिली बाई घडवली, हिने-आहु-ओने, आणि तिच्या नाकपुडीत श्वास फुंकला. त्यांना मुलगी झाली हिने-तीतामा, पहाटेची मुलगी. ताने तिलाच बायको करतो. तिला माहीत नसतं. एक दिवस ती विचारते, माझा बाप कोण? तो म्हणतो, घराच्या खांबांना विचार. तिला कळतं. ती घर सोडून अंधाराच्या देशात, रारोहेंगाला निघून जाते. ताने मागे येतो तेव्हा सांगते, तू उजेडात राहा, पोरांना वाढव. मी खाली थांबते, ती येतील तेव्हा त्यांना घ्यायला. तेव्हापासून ती हिने-नुई-ते-पो, रात्रीची थोर बाई, मृत्यूची देवी.

आपल्याकडे ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती आणि त्याच्या मुलीची अशीच गोष्ट आहे. कोणी म्हणतात ती मुलगी उषा. तिथे बाण प्रजापतीला लागतो आणि तो आकाशात मृग होऊन बसतो. कथा बापाच्या मागे जाते. इथे कथा मुलीच्या मागे जाते, तिला विचारायला लावते, उठून जाऊ देते आणि एक अख्खं राज्य देते. उषेची निशा झाली, पण ती सूड घ्यायला झाली नाही. लेकरांना शेवटी आपल्याजवळ घ्यायला झाली.

आमच्या आश्रमात एक माओरी आजी होत्या. त्या गेल्या तेव्हा त्यांची थोरली बहीण उशाशी बसली होती, नव्वदीची. ती सारखी एकच म्हणत होती, "ए हिने, ए हिने." मी आधी समजले देवीला बोलावतायत. मग माझ्याबरोबरच्या माओरी नर्सने सांगितलं, ए हिने म्हणजे नुसतं ‘अगं पोरी’. लहान बहिणीला हाक मारत होती. नंतर अंत्यविधीच्या भाषणात त्याच आजींना हिने-नुई-ते-पोकडे जा म्हणून निरोप दिला गेला. एकाच शब्दाने पाळण्यापासून हाक मारायची आणि त्याच शब्दाच्या हवाली करायचं. आपल्याकडे ‘माय’ म्हणतात तेव्हा जे होतं, तसं काहीसं तिथे झालं.

पुराणातून खाली उतरून आलेली एक हिनेमोआही आहे, रोटोरुआच्या तळ्याकाठची. मोकोइया बेटावर राहणाऱ्या तुतानेकाईवर तिचं मन जडलं, घरच्यांचा विरोध. त्यांनी सगळ्या होड्या वर ओढून ठेवल्या. रात्री बेटावरून त्याच्या बासरीचा आवाज येई. शेवटी तिने सहा सुकलेले भोपळे घेतले, तीन या बगलेला, तीन त्या, आणि अंधारात पाण्यात शिरली. तीनेक किलोमीटर. बेटावर पोचली आणि गरम झऱ्याच्या कुंडात बसून राहिली, अंग शेकत.

मी सीनेत पोहायला शिकले ती भोपळ्यांवरच. कडू भोपळे पिकू द्यायचे, बिया खुळखुळेपर्यंत वाळवायचे, दोन भोपळ्यांची दोरीने सांगड करायची आणि पाठीला बांधायची. पाण्यात पहिली उडी मारली की तो भोपळा तुम्हाला मागून असा वर ढकलतो, जणू कोणी काखेत हात घालून उचललंय. नंतर दोरीचे वळ उठतात बगलेत. रोटोरुआच्या काठावर मी हिनेमोआची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा सगळ्यांना तिचं प्रेम दिसत होतं, मला बगलेतले ते वळ आठवले. थंड पाणी, काळोख, आणि दोन्ही बाजूंना हलके भोपळे. तिचं पोहणं मला अंगात कळलं.

नात आता वर्षाची झाली. परवा पौर्णिमा होती आणि आकाश स्वच्छ. चहाच्या वेळी आम्ही दोघी मागच्या दाराने बाहेर, गाड्या लावतात तिथे गेलो. मी म्हटलं, मला इथे आल्यापासून ससा सापडत नाही. आईने दाखवलेला ससा, लांब कानांचा, मी कितीदा शोधला, दिसतच नाही. ती म्हणाली, उलटा आहे तो. आणि खरंच आहे. आपल्या बाजूने बघताना चंद्र जसा दिसतो, त्याच्या उलटा तो विषुववृत्ताच्या या बाजूला दिसतो. ससा माझ्या डोक्यावरच होता इतकी वर्षं, कान खाली करून.

मग तिने माझे खांदे धरून मला थोडं फिरवलं आणि बोटाने दाखवायला लागली. तो लांबट डाग, तो तुतुआ. त्याच्यावर वाकलेली ती. इकडे लेकरू. मला आधी काहीच दिसेना. मग एकदम फळा दिसला, काळा, आडवा, आणि त्यानंतर बाईचा खांदा. केस दिसले नाहीत. "केस कसे दिसतील," ती म्हणाली, "तो सगळा उजेडच केसांचा."

आत सोळा नंबरच्या खोलीची घंटा वाजली. तिने कप माझ्या हातात दिला आणि गेली.